मुराळ्याची गाडी

धडधाकट गाडीला आजारी पाडण्यात आमच्या मेहुण्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. बायकोचा थोरला भाऊ, म्हणून मी आजवर गप्प बसलो. आता मात्र लिहितोच.

ताडकळसला त्यांच्या दारात एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. मोबाइलवर शर्यतीच्या गाडीचं इंजिन बघितलं आणि त्यातला स्टीलच्या जाळीचा चकचकीत पाइप यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. टाकीपासून इंजिनापर्यंतची कंपनीची नळी त्यांनी एका दुपारी उपटून काढली. मग लक्षात आलं, की टाकीचं तोंड गुळगुळीत, त्यावर पाइप सारून क्लिप आवळायची असते. आणि या जाळीच्या पाइपाच्या टोकांना आटे! दोघांची सोयरीक जुळवणारा तुकडा बाजारात मिळेना, तेव्हा स्वारी परभणीच्या लेथवर पितळी तुकडे करून घ्यायला लागली. आटे बसले तर तोंडाचा निमुळता उतार चुके, उतार जमला तर आटे फिरत. मग नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप. पेट्रोल तिला भीक घालत नसे. एका साखरपुड्यात व्याह्यांनी हात पुढे केला, तर यांनी सुपारीऐवजी खिशातला पितळी तुकडा त्यावर ठेवला आणि म्हणाले, "उतार बगा कसा आलाय!" मी एकदा सुचवून पाहिलं, "दादा, साधा रबरी पाइप घाला, क्लिप आवळा आणि मोकळे व्हा." मी जणू त्यांच्या खानदानाला शिवी दिली. "दाजी, क्लिप काय, गॅसच्या शेगडीला बी असती!"

इथवर हसण्यासारखंच होतं. पण नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भावानं मुराळी म्हणून यायचं, ही त्यांच्या घरची कडक रीत. त्या सणाला लेकीनं आपण होऊन येऊ नये, हा सासूबाईंचा हट्ट. आणि बहिणीला एसटीनं नेणार नाही, हा यांचा. गेल्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. "पंचमीला बाईला आण, डोळे भरून बघते," एवढंच त्यांनी मुलाकडे मागितलं होतं.

बायको सकाळपासून नवी साडी नेसून, पिशवी भरून बसली. यांचा फोन आला, "निघालोच. एक थेंब गळायलाय, तेवढा बंद करतो." दुपारी दुसरा, "इंजिनाकडचा थांबला, आता टाकीकडून गळायलाय." माझं डोकं फिरलं. म्हटलं, चल, एसटीनं जाऊ. ती उठेना. "दादा येतो म्हणलाय. मी तशीच गेले तर आईच्या जिवाला लागंल, लेकीला मुराळी बी न्हाई आला म्हणून."

दिवेलागणीला फोन आला तो थेंबाचा नव्हता. सासूबाई गेल्या होत्या.

मग आम्ही एसटीनंच गेलो. मी कित्येक महिने या माणसाशी बोललो नाही. आजही तो राग पुरता गेलाय असं नाही. एका चकचकीत पाइपाच्या हौसेपायी त्यानं आईला लेकीशिवाय जाऊ दिलं, हे मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

यंदाच्या पंचमीला गाडी सकाळीच आमच्या दारात हजर. मेहुणे वाकून पाइपाच्या एकेका जोडाखाली कोरडा कागद धरून मला दाखवत होते. बायको पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली. ताडकळसला वहिनींनी उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. ते करणारा हात आता दुसरा होता, म्हणून तिला रडू फुटलं आणि वहिनी तिला धरून आत घेऊन गेल्या.

मी मागे राहिलो. मेहुण्यांनी बॉनेट उघडलं होतं, पण हात लावत नव्हते. खाली बघतच म्हणाले, "दाजी, कंपनीची नळी कदीच गळली नव्हती."

या माणसाला सुनावायला मी वर्षभर काय काय जुळवून ठेवलं होतं. मी बॉनेट लावलं आणि म्हटलं, "चला दादा, पानं वाढलीत."