हारुएची पाचवी पायरी

जपानातल्या आमच्या ओकाया गावात दहा वाजले की चहा होतो आणि चहाबरोबर लोणचं असतं. बिस्किटं बाहेरगावच्यांनी खावीत. थंडीच्या तोंडाला घरोघर नोझावानाचा पाला पिंपात मिठात मुरत घालतात, आणि कारखान्यात कुणाचा डबा आधी रिकामा होतो यावरून बायकांची पत ठरते. कोगुची हारुएचा डबा नेहमी आधी रिकामा व्हायचा. माझा शेवटी, तोही कुणाला तरी दया आली म्हणून.

मी फुमी. हारुए आणि मी एका गल्लीतल्या, एका शाळेतल्या, आणि मियासाकांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या बाकांवरच्या. गॅस गिझरच्या पितळी झडपा करायचा तो कारखाना. तळ्याच्या काठाला, पत्र्याच्या छपराचा, तीसेक माणसांचा. हारुएची आई रेशमाच्या गिरणीत कोष उकळायची. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ती म्हणाली होती, "नोकरी काढून घेतील, हातातलं कसब कोण काढून घेणार?" हारुए लग्न होऊन मात्सुमोतोला गेली, नवऱ्याशी पटलं नाही, परत आली आणि तडक कारखान्यात रुजू झाली. पोरंबाळं नाहीत. सासरी जी नांदली नाही ती कारखान्यात नांदली, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची. ती हसायची आणि माझ्या बाकावरचा पाना उचलून जागेवर ठेवायची.

खरं तर तेव्हा कुठल्याच वस्तूला जागा नव्हती. पाने, घासण्या, तेलाचे डबे, कुणाचे तरी जुने बूट, सगळं एकत्र नांदत होतं. अशा वेळी मोठ्या कंपनीचे तेराओ-सान पहिल्यांदा आले. आमच्या झडपा घेणारी ती कंपनी, आणि तिला झडपा पुरवणाऱ्या कारखान्यांत कामाची जागा किती नीट आहे, सुधारणा किती मुरल्या आहेत, हे जोखून पायऱ्या देणं हे त्यांचं काम. एकूण पायऱ्या पाच. ते तास-दोन तास हिंडले, वाकून यंत्रांखाली बघितलं, आणि आमच्या शाच्योंना, म्हणजे मालक मियासाकांना, अगदी गोड आवाजात म्हणाले, "पहिली पायरी द्यावी म्हणतो, पण ती चढायला आधी जमीन दिसली पाहिजे."

आम्ही सगळे हसलो. हारुए हसली नाही. तिच्या घरात कुणी येऊन भांडी अस्वच्छ म्हणावं तसं तिला लागलं. दुसऱ्या दिवशी ती फडकं घेऊन यंत्राखाली शिरली ती जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेर आली नाही.

मग तेराओ-सान दर महिन्याला यायला लागले. त्यांनी लाल चिठ्ठ्या शिकवल्या. जी वस्तू नको वाटेल तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, बांधणाऱ्याचं नाव आणि कारण. कारणं छापलेलीच असत: गरज नाही, मोडलेली आहे, जास्तीची आहे, कोणाची आहे ते माहीत नाही. त्यातल्या एकाला गोल करायचा. आणि एक नियम सगळ्यांत कडक: लाल चिठ्ठीच्या वस्तूला निकाल लागेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा. पहिल्याच आठवड्यात शाच्योंच्या गोल्फच्या काठ्यांना चिठ्ठी लागली आणि बिचारे महिनाभर त्यांच्याकडे लांबून बघत बसले. झडपेचं तोंड घासणारे म्हातारे हामा-सान दुपारी डुलकी घेत असताना कुणीतरी त्यांच्या टोपीलाही चिठ्ठी लावली, कारण: मोडलेली आहे. चिठ्ठी कुणी लावली ते मी सांगणार नाही, पण गोल मी छान काढते.

हारुएला मात्र यात स्वतःचं काहीतरी सापडलं. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा फळीवर रंगवली, म्हणजे हत्यार नसलं की रिकामी जागा ओरडून सांगते. पाट्या लिहिल्या. मग तिच्या लक्षात आलं की पाट्या कुणी वाचत नाही, म्हणून ती चित्रं काढायला लागली. तळ्यावरची बदकं कशी एकामागे एक शिस्तीत जातात, तसलं एक बदक, कारखान्याची टोपी घातलेलं. एका पंखाने ते दाखवायचं: हात इथे ठेव, इथे तेल घाल, इथे थांब. तेराओ-सान ते बदक बघून हरखले. "हारुए-सान, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" "कुणी नाही. तळ्यावर दिसतात ना." इतक्या वर्षांत कारखान्यात तिला कुणी असं विचारलं नव्हतं, आणि ती दिवसभर लाल होऊन हिंडत होती.

तेराओ-सान आमचेच झाले. चहाच्या फळीवर आमच्या सगळ्यांच्या कपांच्या जागा रंगवलेल्या होत्या, खाली नावं. हारुएने एक जागा वाढवली, निळा कप आणला आणि खाली 'तेराओ' लिहिलं. बाहेरच्या माणसाचा कप आमच्या फळीवर यायचा तो पहिलाच. ते आले की आधी कप उचलायचे आणि हारुएच्या डब्याजवळ बसायचे. "नागोयात माझी बायको लोणचं दुकानातून आणते," असं म्हणून उसासा टाकायचे. आम्ही म्हणायचो, "मग बायकोला लाल चिठ्ठी लावा." ते पोट धरून हसायचे.

असं करत करत वर्षं गेली आणि आम्ही चौथ्या पायरीवर आलो. दरम्यान आसपासचे दोन-तीन कारखाने बंद पडले. मोठी कंपनी पुरवठादार कमी करतेय, अशी कुजबुज होती. आमच्यातले निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे. हा कारखाना गेला तर तळ्यात मासे धरण्यावाचून काम नव्हतं. हारुएने चहाला सरळच विचारलं, "तेराओ-सान, आमचं काय होणार?"

ते कप खाली ठेवून म्हणाले, "पाचवी पायरी गाठा. पाचवीच्या कारखान्याला कुणी हात लावत नाही. माझा शब्द."

पाचवीची अट एकच होती. अगदी नवा माणूस, कुणाला काही न विचारता, नुसतं भोवती बघून, पहिल्या दिवशी काम करू शकला पाहिजे. आमचं सगळं तसं झालंच होतं, एक हामा-सान सोडून. झडपेचं तोंड घासताना ते किती दाब देतात, कधी थांबतात, ते त्यांच्या कानालाच माहीत. घासण्याचा आवाज खरखरीचा मऊ झाला की थांबायचं, एवढंच सांगायचे.

"हे बदकाला जमायचं नाही," ते म्हणाले.

"जमवू ना, हामा-सान. तुम्ही दाखवा, मी बघते."

"अगं, माझ्याकडे एवढंच आहे. ते भिंतीवर टांगलं की मी कशाला हवा?"

हारुए खाली बसली, अगदी गुडघ्यांवर. "तुम्ही, मी, फुमी, सगळ्यांसाठीच म्हणतेय. तेराओ-साननी शब्द दिलाय. पाचवी मिळाली की कुणी हात लावणार नाही."

म्हाताऱ्याने हातातली झडप बाजूला ठेवली. "त्याच्या शब्दाचं मला माहीत नाही. तू म्हणतेस ना? मग बघ."

तो सगळा उन्हाळा हारुए त्यांच्या शेजारी उभी राहिली. दाब सारखा राहावा म्हणून स्प्रिंग बसवली, ठरावीक घासून झालं की वाजणारी घंटी लावली, आणि शेवटी भिंतीवर बदक आलं, कानाला पंख लावून ऐकणारं. हामा-साननी ते बघून नाक मुरडलं, मग म्हणाले, "माझ्यासारखंच दिसतंय मेलं." हारुएने तेराओ-सानना ते दाखवलं तेव्हा त्यांनी प्रत्येक बाजूने फोटो काढले. त्या दिवशी त्यांनी लोणचं दोनदा मागून घेतलं.

शरदात परीक्षा झाली. नवी माणसं म्हणून तेराओ-साननी व्हिएतनामहून आलेल्या तीन मुली आणल्या. आमची भाषा जेमतेम येणाऱ्या. आम्ही भिंतीला टेकून उभे, बोलायची मनाई. मुलींनी बदकाकडे बघितलं, हात तिथे ठेवले, तेल घातलं, घंटी वाजली, थांबल्या. संध्याकाळी झडपा तपासल्या, एकही गळकी नाही. तेराओ-साननी पाच बोटं वर केली आणि आम्ही अशा टाळ्या पिटल्या की छपराचा पत्रा वाजला. हारुए रडली. हामा-सान बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसले.

मुली अनुभव घ्यायला म्हणून राहिल्या. हारुएने त्यांना पोटच्या लेकींसारखं केलं. जाड मोजे आणून दिले, सोबाच्या शेवया करून घातल्या, आणि लोणच्याच्या पिंपात हात घालायलाही शिकवलं, जे तिने मला इतक्या वर्षांत शिकवलं नाही. त्यांतली दिएप सगळ्यांत बोलकी. एक दिवस चहाला ती फोन घेऊन धावत आली.

"हारुए-सान, बघा! आमच्या गावाजवळ! भावाने फोटो पाठवला. तुमचं बदक!"

फोटोत एक मोठी नवी कोरी शेड होती. रिकामी. फरशीवर यंत्रांच्या जागा पिवळ्या रंगाने आखलेल्या, अगदी आमच्या कारखान्यासारख्या, त्याच क्रमाने. आणि प्रत्येक जागेच्या वर भिंतीवर बदक. टोपी घातलेलं. शेवटचं कानाला पंख लावलेलं.

"यंत्रं नववर्षानंतर येणार ना? इथूनच?" दिएप आनंदाने विचारत होती. तिला वाटत होतं, आम्हाला माहीतच आहे. पोरीची काय चूक?

हारुएच्या हातातला डबा तसाच राहिला. ती उठली, शाच्योंच्या खोलीत गेली, मी मागोमाग. तिने नुसतं विचारलं, "खरं?" आणि मियासाका-शाच्यो खुर्चीतून उठून टेबलाला कपाळ टेकेल इतके वाकले. "कंपनीने सगळं विकत घेतलंय. मला काही बोलायची बंदी होती," एवढंच म्हणाले. आमच्या घामावर मुलीचं लग्न थाटात करणारा माणूस, बंदी होती म्हणतो! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हारुएने माझी बाही ओढून मला बाहेर आणलं.

पुढच्या आठवड्यात तेराओ-सान आले. ती दारातच उभी होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्यांनी बूट काढता काढता मान खाली घातली. "हारुए-सान, पाचवी पायरी खरी आहे. ती तुम्ही कमावलेली आहे. त्यात काही खोटं नाही."

"कधीपासून?"

"वसंतापासून."

"म्हणजे हामा-सानचं कसब मी उतरवलं त्याच्या आधी."

"जो कारखाना पाचवीवर असतो तोच असा उचलून नेता येतो. बाकीच्यांचं काम माणसांच्या डोक्यात असतं, ते कसं नेणार? वरून निर्णय झाला होता. मी फक्त..."

"तुम्ही इथे बसून लोणचं खात होतात," हारुए म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी तुमचा शब्द हामा-सानना माझा म्हणून दिला."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पलीकडचा सुगिनो यांचा कारखाना अजून चालतो, माहितीय? उकिरडा आहे नुसता. दुसऱ्या पायरीवर कधी चढले नाहीत, कुठला पाना कुठे असतो ते म्हाताऱ्या सुगिनोंनाच माहीत. त्याला कोण उचलून नेणार! आम्ही मात्र घासूनपुसून, नावं घालून, चित्रं काढून आमचा कारखाना खोक्यात भरून त्यांच्या हातात दिला.

हारुए हामा-सानकडे गेली आणि फरशीवर डोकं टेकून बसली. म्हातारे म्हणाले, "ऊठ. फरशी तूच पुसलीयस, स्वच्छ आहे, पण गार आहे." ती उठेना, तेव्हा ते तिच्याशेजारी बसले. "तुझ्यावर राग नाही. पण आता मला झोपेतही ती घंटी ऐकू येते, आवाज ऐकू येत नाही. तेवढं वाईट वाटतं." हारुएने आईचं ते वाक्य मला त्या संध्याकाळी सांगितलं. हातातलं कसब कोण काढून घेणार, म्हणे. "मीच काढून दिलं, फुमी. चित्रासकट."

तरी ती रोज यायची. यंत्रं पुसायची. दिएपला पिंपातलं लोणचं बांधून द्यायची. मी म्हटलं, "गरज सरो, वैद्य मरो. आता कशाला झिजतेस?" ती म्हणाली, "पोरींना घाणेरडी यंत्रं द्यायची का?"

नववर्ष झालं, तळं गोठलं. यंत्रं न्यायच्या आधी तेराओ-सान लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले. जे तिकडे जायचं नाही त्याला चिठ्ठ्या बांधत सगळीकडे हिंडले: जुनी कपाटं, सूचनांची फळी, हामा-सानचं स्टूल. दहा वाजले. आम्ही सवयीने चहाच्या फळीशी जमलो, आपापले कप उचलले. तेही आले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप निळ्या कपाकडे गेला आणि मध्येच थांबला.

कपाच्या कानाला लाल चिठ्ठी होती. हारुएचं अक्षर, सुबक, नेहमीसारखं. वस्तू: कप. बांधणाऱ्याचं नाव: कोगुची हारुए. आणि कारणांतल्या शेवटच्या कारणाला गोल: कोणाची आहे ते माहीत नाही.

खाली फळीवर तिनेच रंगवलेलं नाव स्पष्ट दिसत होतं.

लाल चिठ्ठीच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि मान लववून ते बाहेर गेले. हारुएने डबा उघडला आणि सगळ्यांत आधी माझ्यापुढे केला.