गरी घेऊन तिरुपतीच्या गाडीत

आमच्या घरच्या बायकांचं म्हणणं आहे, की आम्ही समुद्रावर मासोळ्या धरायला जात नाही, किस्से धरायला जातो. मासोळ्या तिथेच खाऊन संपतात. किस्से मात्र सोबत घरी येतात, वर्षभर पुरतात आणि प्रल्हादच्या तोंडी पडले की दुप्पट मोठे होतात!

आता तुम्ही विचाराल, आदिलाबादवाल्यांना समुद्र कुठला? बरोबर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, नाहीतर सातनाल्याचं धरण. त्या धरणावर रविवारी गरी टाकून बसणारे आम्ही चौघं. मी तामसीकडच्या मराठी शाळेतला मास्तर. सिद्धार्थ सर माझ्याच शाळेत विज्ञान शिकवतात. प्रल्हादचा गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला भाजीचा मळा. आणि आमचे म्होरके किसनदादा, महसूल खात्यातून गिरदावर म्हणून रिटायर झालेले. लोकांच्या जमिनींच्या हद्दी पाहण्यात जन्म गेला. चहा घेता का विचारलं तरी ऐटीत "दरखास्त मंजूर!" म्हणणारा माणूस.

एकदा आंध्राच्या किनाऱ्यावरचा नूकय्या नावाचा कोळी आमच्या धरणावर मासेमारीच्या कामाला आला होता. जाताना म्हणाला, "हिवाळ्यात आमच्याकडे या, तेव्हा समुद्र शांत असतो." असं सगळेच म्हणतात, जात कोणी नाही. आम्ही गेलो! तेव्हापासून संक्रांतीची सुट्टी लागली, की तिरुपतीची गाडी पकडायची आणि मधेच बापटल्याला उतरायचं, हे ठरलेलं.

यंदा मात्र जाणं होईल असं वाटत नव्हतं. पावसाळ्यात दादांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, चाकाची खुर्ची आली आणि बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, "मंजूर." काहीही विचारा, मंजूर!

दादांच्या बायको, कमलवहिनी, एके दिवशी माझ्यासमोर रडल्याच. "भाऊजी, भाजीत मीठच टाकलं नोतं. विचारलं, बरी झाली का? मंजूर. दुखून राह्यलं का? मंजूर. मी मेली तं चालन का? तरी मंजूर! आतमदी हा मानूस हाये का नाई, तेच समजत नाई मले. जलमभर माह्याशी भांडला. आता एकडाव भांडला ना, तं मी समजीन, हाये बापा!"

मी चहा पिऊन गुपचूप उठलो.

*

पण मुळापासून सांगतो. पहिल्या वर्षीचं. आदिलाबादची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत आहे, हाडं वाजतात. आम्ही निघालो ते स्वेटर, मफलर आणि माकडटोप्या घालून, आणि तसेच नूकय्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. तिथे सगळे उघडेबंब, लुंगी वर खोचलेली, घाम पुसताहेत!

नूकय्याच्या आईला सगळे अम्मा म्हणतात. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घाबरून विचारलं, "ज्वरमा?" म्हणजे ताप आहे का? चौघांनाही! आम्ही काही सांगायच्या आत म्हातारीने आम्हाला खाटेवर बसवलं आणि मिऱ्याचं कढत सार आणून पाजलं. नाही म्हणायची हिंमत कोणाची? माकडटोपीतून घामाच्या धारा लागल्या.

सार संपवून दादा म्हणाले, "अम्मा, ताप नाई आला. आदिलाबाद आलं!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर खाडीच्या तोंडाशी नुसता चिखल! काल संध्याकाळी जिथे कमरेएवढं पाणी पाहिलं होतं, तिथे खेकडे फिरत होते. प्रल्हादने कपाळाला हात लावला. "झालं! इतक्या लांब आलो आन् आटलं!"

नूकय्या हसत म्हणाला, "आटु, आटु!"

"पाहा, तो बी म्हनून राह्यला आटलं! चला वापस."

सिद्धार्थ सरांनी वाळूवरच भरती-ओहोटीचा पाठ घेतला. चंद्र, पृथ्वी, गुरुत्वाकर्षण, सगळं झालं. ओहोटीला तेलुगूत आटु म्हणतात, पाणी परत येईल, हे प्रल्हादला कसंबसं पटलं.

दुपारी नूकय्या धावत आला आणि ओरडला, "पोटु वच्चिंदि!" भरती आली! आम्ही गऱ्या घेऊन पळालो. पाहतो तर प्रल्हाद कुठेच नाही. परत येऊन बघतो, तर गडी ताट-पाणी मांडून अम्माच्या पडवीत मांडी घालून बसलेला.

"काऊन रे, येत नाई का?"

"तोच तं म्हने, पोटाचं आलं!"

*

आमच्यात तेलुगू सगळ्यात चांगलं सिद्धार्थ सरांचं. निदान त्यांचं तरी तसं मत आहे! अम्माने विचारलं, जेवायला काय करू? सरांना सांगायचं होतं, की धरणातल्या मासोळ्या आम्ही रोजच खातो, आम्हाला खाऱ्या पाण्यातली मासोळी द्या. मीठ म्हणजे उप्पु, मासोळी म्हणजे चेप. सर रुबाबात म्हणाले, "माकु उप्पु चेप कावालि!"

अम्मा जरा थबकली. पण पाहुण्यांची इच्छा! पानात आली ती खारवलेली सुकी मासोळी. संध्याकाळी पुन्हा तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी भातासोबत तीच. समोर अंगणात ताज्या, चकचकीत मासोळ्यांचा ढीग पडलेला, आणि आम्ही सुकी चावत बसलेलो!

शेवटी नूकय्याने न राहवून विचारलं, "तुमच्या गावात ताजी मासोळी खात नाहीत का? काही व्रत आहे का?"

दादांनी सरांकडे पाहिलं. "सर, आता तुमी फक्त हातवारे करत जा."

*

एवढं होऊनही निघताना अम्माने त्याच सुक्या मासोळीचं मोठं गाठोडं बांधून दिलं. आम्हाला फार आवडते ना! आदिलाबादच्या स्टेशनवर उतरलो तर प्रल्हादच्या गल्लीतल्या मावशी समोर. तिरुपतीच्या गाडीतून उतरलेले, हातात गाठोडं, अंगावर प्रवासाचा शीण. मावशींनी भक्तिभावाने हात जोडले आणि ओंजळ पुढे केली. "दर्शन चांगलं झालं का? परसाद द्या नं थोडा."

तेवढ्यात वारं आलं. मावशींनी नाकाला पदर लावला.

प्रल्हाद खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आमी अर्ध्यातूनच वापस आलो."

*

नंतरच्या वर्षापासून कमलवहिनीही यायला लागल्या. बसल्या बसल्या करायचं काय, म्हणून त्यांनी गरी टाकली, आणि दादांच्या नाकासमोर हातभर लांब मासोळी ओढून काढली! पहिल्याच फटक्यात!

दादा उठले. काठी घेतली. वाळूत पाण्यापर्यंत सरळ रेघ मारली आणि म्हणाले, "ही हद्द. तुमची गरी माह्या शिवारात आली होती. मासोळी माही!"

"वाळूत मारली रेघ. आता पान्यात मारून दाखवा!"

"पान्याची मोजनी करता येते."

"मंग करा नं! साखळी घेऊन जा आतमदी, मी इथी बसली हावो!"

दोन माणसं समुद्रावर बसून बांधाचं भांडण करताहेत, हे पाहायला सगळा कोळीवाडा जमला. भाषा कोणाला कळत नव्हती, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटी अम्माने ती मासोळी उचलली, मधोमध कापली आणि दोघांना अर्धी अर्धी दिली. दादा शेपटीकडचा भाग पाहून म्हणाले, "अपील करतो!"

ते भांडण वहिनींनी घरी येईपर्यंत पुरवलं. गाडीत दोघांनी खिडक्यासुद्धा वेगवेगळ्या घेतल्या.

*

म्हणून यंदा वहिनीच म्हणाल्या, "यायले घेऊन चला. तथी लय भांडत होते." दादांना न्यायचं म्हणताच हैदराबादहून पोराचा फोन. तो काळजीने म्हणाला, "बाबा, असं असताना कुठी जाता? नाई जायचं नं?"

दादा म्हणाले, "मंजूर."

वहिनींनी फोन हिसकावला. "इकडे पाहा. जायचं नं समुद्रावर?"

"मंजूर."

"घे!" वहिनी पोराला म्हणाल्या, "दोन्हीकडून झालं. आता मी म्हनीन ते!"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जपून न्या, मन रमेल. निघालो.

*

गाडीत दादांना खालचा बर्थ होता. एक आजोबा आले, "बेटा, नीचे की सीट मिलेगी क्या?" दादा म्हणाले, "मंजूर." मी त्यांची समजूत घालून त्यांना दुसरीकडे बसवून येतो, तर एक लेकुरवाळी बाई तिथे येऊन बसलेली. तिलाही मंजूर! चहा आणायला उतरलो नि परत आलो, तर तिच्या शेजारी आणखी एक जण पथारी पसरून तयार.

सरांनी शेवटी रुमालावर पेनाने मोठ्ठं "नो" लिहून दादांच्या खिशाला टाचणीने लावलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दादांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. दादाही हसले नव्हते.

*

आणि आता कोळीवाड्यातल्या माणसांचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नूकय्याला फोनवर फक्त एवढंच कळवलं होतं, की दादांना लकवा मारला, चाकाच्या खुर्चीतून आणतोय. आम्ही पोचलो तेव्हा त्याने पडवीची पायरी काढून तिथे उतार केला होता, चाकाची खुर्ची चढावी म्हणून. अम्माने स्वतःची खाट दादांना दिली आणि खाली चटई टाकली. रोज सकाळी म्हातारी गरम तेल घेऊन यायची, दादांचा उजवा हात मांडीवर घ्यायची आणि चोळत बसायची. चोळताना तेलुगूत काहीबाही बोलायची. दादा "मंजूर" म्हणायचे, ती "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणायची. दोघांच्या तासभर गप्पा चालायच्या!

हे लोक आमचे कोण लागतात, सांगा बरं? ना जातीचे, ना भाषेचे, ना गावचे. मी एकदा हात जोडून म्हणालो, "अम्मा, तुमचे लय उपकार झाले." सरांनी त्याचं तेलुगू करून सांगितलं. अम्मा विचारात पडली आणि आत जाऊन सुकी मासोळी घेऊन आली.

सरांनी काय भाषांतर केलं, देव जाणे! पण मी ती मासोळी खाल्ली, आणि खाताना डोळ्यांत पाणी आलं ते काही तिखटाने नव्हे.

*

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नूकय्याने, वाळूत चाकं रुततात म्हणून, चाकाची खुर्ची पडवीतच ठेवली आणि एक प्लास्टिकची खुर्ची आणली. खाडीच्या तोंडाशी भरती येते तिथे, ओढून ठेवलेल्या होडीला ती दोरीने घट्ट बांधली. दोघातिघांनी मिळून दादांना उचलून तीत बसवलं. गरीला झिंगा लावला, पाण्यात भिरकावला आणि नायलॉनची दोरी दादांच्या डाव्या हातात दिली. आम्ही आजूबाजूला बसलो. वहिनी खुर्चीला टेकून.

पाणी चढत होतं. दादा पाण्याकडे पाहत होते की कुठेच पाहत नव्हते, काही कळत नव्हतं. वहिनींनी विचारलं, "बरं वाटून राह्यलं का?"

"मंजूर."

वहिनींनी मान फिरवली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी. आनलं तुमी, तेच लय झालं."

तेवढ्यात दोरी ताठ झाली! अशी ताठ, की दादांचा हात खांद्यापासून पुढे ओढला गेला आणि खुर्ची करकरली. नूकय्या "पंडुगप्पा! पंडुगप्पा!" करत पाण्यात धावला. कोकणातले लोक जिला जिताडा म्हणतात ना, ती मासोळी. अंगाने दांडगी आणि ताकदीला बेफाम! दोरी दादांच्या मुठीतून सरकायला लागली. बोटांवर रक्त दिसलं.

"दादा, सोडा!" सर ओरडले.

प्रल्हाद दोरीला हात घालायला वाकला, तर दादांनी त्याला कोपराने ढकललं.

वहिनी घाबरून समोर आल्या. "हात कापून राह्यला तुमचा! सोडा म्हन्ते नं! आना, माह्या हाती द्या ते दोरी!"

दादांनी मूठ आणखी आवळली. मान लाल झाली. ओठ वाकडे झाले, थरथरले, आणि समुद्रापेक्षा मोठ्याने आवाज आला,

"ना... नामंजूर!"

नूकय्याने मासोळी वाळूवर ओढून आणली. ती तिथे तडफडत राहिली, पण तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. वहिनी दादांच्या पायाशी वाळूत बसल्या होत्या. हसत होत्या, रडत होत्या, पदराने त्यांच्या हाताचं रक्त पुसत होत्या.

"काय म्हनलं? पुन्ना म्हना. एकडाव पुन्ना म्हना नं!"

दादांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नामंजूर!"