कुंपणापाशी उभ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई कुंपणापाशी उभ्या राहिल्या की थोड्या वेळाने हरणं त्यांना विसरून जात. मी गेलो की कळप पळे. हरणांचा मालक गेला तरी माना वर होत. बाई मात्र खांब रोवल्यासारख्या उभ्या, तास-दोन तास. हॉलंडमधल्या ब्रेडा गावच्या थंडीत माझी पायांची बोटं बधिर झाली, त्यांची नजर हलली नाही.

त्या परभणीच्या, जनावरांच्या डॉक्टर. नवऱ्याच्या नोकरीमागे टिलबर्गला आल्या. इथे औषधोपचाराचा परवाना नव्हता, तर डच शिकून शेतकऱ्यांना खाद्याबद्दल सल्ला देऊ लागल्या. "सुई टोचायला बंदी आहे, बघायला नाही," म्हणायच्या.

मी गोदामात पोती उचलता उचलता पशुखाद्याचा व्यापारी झालेला. २००५च्या हिवाळ्यात माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं एक हरणपालक. त्याची पाडसं वाळत चालली होती, दोन मेलीही. "तुझं खाद्यच वाईट," म्हणत तो करार मोडायला निघाला. मी बाईंना घेऊन गेलो. आपलं माणूस आपलीच बाजू घेणार, असं मी धरून चाललो होतो.

दोन तासांनी त्या बोलल्या, त्याही मालकासमोर, त्याच्या भाषेत. खाद्य उत्तम आहे, पण भलत्याच तोंडात जातंय. मोठ्या माद्या पाडसांना ढुशा देऊन हाकलतात. त्यांना हिवाळ्यात एवढं प्रोटीन लागत नाही, जास्तीचं मुतातून वाया जातं. अंग भरायचंय पाडसांचं, आणि त्यांच्या वाट्याला नुसतं वाळलं गवत. पाडसं वेगळी करा, माद्यांचं हे खाद्य निम्म्यावर आणा.

सगळ्या कळपाला एकच मिश्रण चालेल, हे मालकाच्या गळी मीच उतरवलं होतं. जन्मभर हरणं पाळलेल्या माणसाला जे दिसलं नाही, ते बाईंनी एका सकाळीत पाहिलं. थक्क झालो, पण गाडीत बसताच भडकलो. "आपल्या माणसाची बाजू घ्यायची सोडून तुम्ही माझा माल कमी केलात!"

"दादा, पाडसांना मराठी येत नाही, डचही येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांची बाजू कोणी घ्यायची?"

मी बाईंशी बोलणं टाकलं. वसंतात मालकाने मुद्दाम बोलावून दाखवलं. पाडसं वेगळी केल्यानंतर एकही दगावलं नव्हतं. उन्हात पाठी तुकतुकत होत्या. करार टिकला, पण माझा राग गेला नाही. तेवढ्यात कळलं, बाई भारतात परत, पुण्याला राहायला चालल्यात. मी टिलबर्ग गाठलं. दारात खोकी बांधून ठेवलेली.

"तुम्ही मला आधी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं," मी तोफ डागली.

"हो, ते चुकलं माझं," त्या लगेच म्हणाल्या. मग कळपाकडे बघायच्या तसंच माझ्याकडे बघत राहिल्या. "पण तुम्हाला एकट्याला सांगितलं असतं, तर तुम्ही मालकाला सांगितलं असतं?"

घासाघिशीत मी भल्याभल्यांना थकवलंय, त्या नजरेला नाही.

"नसतं सांगितलं," मी म्हणालो.