उपरण्याखालचा भाव

पिंपरीच्या कारखान्यातल्या कँटीनसाठी कांदा आणायला मी चाकणच्या बाजारात गेलो होतो. तिथं अडते आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, त्यालाच तो सगळ्यांत शेवटी कळे!

त्या दिवशी गावच्या नव्या सहकारी सोसायटीचा एक म्हातारा ढिगाशी उकिडवा बसून एकेक कांदा बाहीला पुसत होता. अडत्यानं उपरणं पसरताच त्यानं ते ओढून घेतलं.

"भाव मोठ्यानं बोला. कांदा आमचा हाय, आमाला बी ऐकू द्या."

"मग माल परत न्या!"

"नेतो की. समद्या गाड्या सोसायटीच्याच हायेत."

खरंच, बाजारात दुसऱ्या कुणाचा कांदाच नव्हता. अडत्यानं घसा खाकरला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा भाव पुकारला.

म्हाताऱ्यानं तेच उपरणं जमिनीवर अंथरलं, त्यावर भाकरीचं गाठोडं सोडलं आणि अडत्याला म्हणाला, "या, जेवायला बसा."