तारामाशाला सलाईन

आमचे हे, भिवाजी, घाईशी वैर घेऊनच जन्माला आलेले. कोलशेतला खाडीतली मासळी कमी झाली तशी त्यांनी होडी विकली आणि कंपनीत फिटर म्हणून लागले. तेव्हा सत्त्याऐंशी साल होतं. मी कल्याणची, तोंडाची फटकळ. आमचं कसं जमलं, देव जाणे!

सासूबाई, दगडाबाई, चाळीस वर्षं खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचून शेवटी कंबर धरून खाटेला खिळल्या. "दर्या दिसत नाय रं आता," एवढंच एकदा म्हणाल्या. झालं! यांनी खाटेसमोर काचेची टाकी मांडली, उत्तनहून ड्रम भरून समुद्राचं पाणी आणलं, महिनाभर टाकी नुसतीच चालवली आणि मग दोन बारके मासे सोडले. म्हातारी दिवसभर बघत बसायची.

मग आला तारामासा. त्याची पिशवी आधी तासभर टाकीत तरंगत ठेवली. मग त्याला बादलीत घेऊन, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडत हे दोन तास बसले.

"खारटपणा एकदम बदलला की मरतो तो, सगुणे."

"मला सासरी आणताना एवढं जपलं असतंत तर!" मी म्हटलं.

पण दहा दिवसांत त्याचे पाय गळून पडले. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. मासे मात्र ठणठणीत! तिसरा गेला तशी सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माजी नजर वाईट हाय गो. मी बगते नि ती मरतान." जेवायच्या तेही भिंतीकडे बघून. माझ्याशी भांडणंसुद्धा बंद केलं त्यांनी. घर खायला उठलं, खरं सांगते.

यांनी मुंबईला मासे पाळणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गाठलं. परत आले ते विचारतच, "टाकीत तांबं कुठून जातंय? माशांना थोडंफार चालतं, पण तारामासा, कोळंबी, शिंपली यांना ते विष."

 टाकीतलं पाणी आटलं की भर मी घालायचे. नळाचं कशाला, म्हणून माहेरच्या तांब्याच्या हंड्यातलं, रात्रभर ठेवलेलं. सगळ्यात शुद्ध ना ते! मी तो हंडाच यांच्यापुढे आणून ठेवला.

"आईला सांगतो, चूक माझीच," हे म्हणाले.

"काही नको. माझं तोंड काय शिवलंय?"

टाकी रिकामी करून धुतली, वाळू नवी घातली, भर घालायला प्लास्टिकची बादली आणली. दोन महिने थांबून दिवाळीनंतर चौथा तारामासा आणला. हे नळी धरून बसले, तशी मी खाटेवर जाऊन टेकले. सासूबाईंपुढे जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती मी. 

"आई, तुमची नजर नव्हती. माझा हंडा होता. तिन्ही मी मारले."

 हळूहळू कूस वळवून त्यांनी माझा हात धरला. टाकीकडे बघितलंसुद्धा नाही.

"सूनबाय, माजी तीन पोरं पाळण्यात गेली. ती पन... माज्या नजरंनं नाय ना गेली गो?"

"नाही हो आई," मी म्हटलं, "नाही, नाही."