आईचा ट्रॅक

कम्प्युटर तापला का धुळीचा जळका वास येते, अन् मले अजून तो दिवस आठवते.

पाच वर्सं झाली. दुसऱ्या दिवशी पोरीचं बारसं होतं. आमचे हे बाभुळगावात घरीच लग्नाबारशाची गाणी बनवतात. ह्यायनं माह्या आईच्या आवाजात पाळणा कम्प्युटरमधी भरला, तिचा ट्रॅक वेगळा, ढोलकीचा वेगळा. आई मधात खोकलली, तर म्हणे, "तेवढं मंग कापतो. तू हात नको लावू."

हे बाहेर गेले अन् मले राहवलं नाही. पोरीले मांडीवर घेऊन गाणं चालू केलं. पोरीनं पाय झाडला, माह्या बोटानं काहीतरी दाबलं गेलं, अन् आईचा आवाजच गेला! ढोलकी वाजून राह्यली, पडद्यावरची रेघ पुढं सरकून राह्यली, पण आई नाही. थांबवलं, मांगं नेलं, पुन्हा लावलं, तरी नाही. मले रडूच आलं.

आई बाजूलेच तुरीच्या शेंगा सोलत होती. हासली. "अवं येडे, रडतं कायले? मी इथंच हाओ न. पुन्हा म्हणतो."

ह्यायनं येऊन एकच बटण दाबलं, अन् आई गायले लागली. आवाज पुसला नव्हता, नुसता बंद झालता.

औंदा आई गेली. आज तेच बटण मी ढोलकीच्या ट्रॅकवर दाबलं. एकटी आई उरली. गाता गाता खोकलली.

हे म्हणे, "राह्यलाच का तो खोकला? कापू?"

"हात तर लावून पाहा," मी म्हटलं.