सरकारच्या भिंतीत बसून

मी कापडाच्या लूमवरचा माणूस, शाळा चौथीपर्यंत. पण सुरतेतल्या त्या जुन्या कोर्टासारखी भिंत मी दुसरीकडे पाहिली नाही, हे कोणालाही तोंडावर सांगेन.

राणीच्या राज्यातली इमारत. खाली पोलीस ठाणं, वर कोर्ट. पुढं कमानींचा लांब व्हरांडा, मध्ये रुंद लाकडी जिना. छत एवढं उंच की पंखे लांब दांड्यांना टांगलेले, तरी वारा खाली पोचेपर्यंत दमतो. इथल्याच नवागाम वस्तीतल्या आमच्या खोलीत हात वर केला की पत्र्याला लागतो. एवढी उंची कशाला? मला वाटायचं, आत आलेला माणूस लहान दिसावा म्हणून. उन्हाळ्यात तिथं बसलो तेव्हा कळलं, उकाडा वर जातो. दोन्ही खरं असेल.

मी गेलो होतो धाकट्या भावावर दावा लावून. आमची घरं लागून. मधली भिंत माझी, मी बांधलेली. त्यानं वरती खोली काढली आणि लोखंडी गर्डर माझ्या भिंतीवर टेकवला. विचारलं नाही. आमच्या गावाकडं खानदेशात दुसऱ्याच्या भिंतीवर लाकूड ठेवायचं तर आधी नारळ घेऊन घरी येतात, विचारतात. सख्खा भाऊ असला तरी. गर्डर निघाला तर खोली खाली येणार होती, आणि त्या खोलीत त्याचा मुलगा नवी बायको घेऊन राहणार होता. मला माहीत होतं. तरी माझं एकच, गर्डर काढा.

त्या दिवशी पुकारा लवकर होईना. बाकं भरलेली. तिथली भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. मी बसलो. दगड गार लागला. भाऊ समोर व्हरांड्यात उन्हात उभा. वर्षभर आम्ही एकमेकांच्या घरचं पाणी प्यायलो नव्हतो. शेवटी तोच आला.

"दादा, सरक ना जरासा. माले बी बसू दे."

अहिराणीत बोलला, घरातल्यासारखा. मी सरकलो, पण तोंड फिरवून. पाठीला पाठ लागली.

"सरकारच्या भिंतीत जागा मागतोस," मी म्हटलं, "माझ्या भिंतीला विचारताना जीभ झडली होती का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. मग तू दुसऱ्यांदा विचारायचं! पहिल्यांदा नाही म्हणायचा मान मोठ्याचा असतो."

तो हसला. पाठीतून कळलं मला.

"बरं, मग आता विचारतो. ठेवू का गर्डर?"

"नाही."

खाली ठाण्यात कोणाला तरी दरडावत होते, आवाज जिन्यानं वर येत होता. भावाची पाठ जराशी सुटली. मला वाटलं, हा आता उठून जातो. मी माझी पाठ तशीच मागं टेकवून ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "ठेवू का?"

मी तोंड उघडतो तोच पट्टेवाल्यानं आमच्या नावाचा पुकारा केला.

आत लाकडी कठड्यामागे उभा राहिलो. साहेब फार लांब, फार उंचावर. माझा वकील उठायच्या आत मीच बोललो, "साहेब, भिंत माझी आहे. गर्डर त्याचा. ठेवायला मी हो म्हटलं आहे."

"काका, चूप रहो," वकील दातओठ खात म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "कधी हो म्हटलं?"

"हे आत्ता. तुमच्यासमोर."

भावाकडं मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो रडला असता, आणि कोर्टात रडलेलं मला चालत नाही. जिना उतरताना एवढंच म्हटलं, "नारळ राहिला आहे. संध्याकाळी घेऊन ये. आणि पाण्याचा तांब्या तुझ्या घरचा आण."